आरसा, पट्टा आणि बिनकामाची दांडी

नवी गाडी काय, कुणीही घेतं! दुकानात जायचं, बोट दाखवायचं, किल्ली घेऊन यायचं. त्यात कसलं आलंय कर्तृत्व? जुनी गाडी घ्यायला पारख लागते, आणि ती माझ्यात जन्मजात आहे. हे मी दारात मोटारसायकल उभी करता करताच बायकोला सांगून टाकलं. घेण्याआधी टायरला लाथ मारून पाहिली होती, इंजिनाला कान लावून पाहिला होता. अंगठा सुजला, कानाला चटका बसला, पण गाडी माझ्या परीक्षेत पास झाली!

बायकोने गाडीभोवती एक फेरी मारली.

"अहो, दिव्यावर हा आरसा कसला?"

खरंच की! पुढच्या दिव्यावर एक गोल आरसा होता, आणि तो मागचा रस्ता दाखवायचा सोडून चालवणाऱ्याचंच तोंड दाखवत होता.

"आणि हा पट्टा?"

पुढच्या सीटला चामड्याचा जाड पट्टा होता, कमरेला बांधायचा. त्याला पाठीमागे एक भक्कम कडी.

"आणि ही दांडी?"

मागे बसणाऱ्याच्या उजव्या पायाजवळ जिभेसारखी एक लोखंडी पट्टी बाहेर आली होती. तिच्यापासून एक दांडी निघून इंजिनाखाली कुठेतरी गडप झाली होती. शिवाय सीटखालून एक वायर मागच्या बाजूला गेली होती, ती कुठे ते देवालाच ठाऊक.

"आधीच्या मालकाचे उद्योग!" मी म्हणालो. "काढून टाकू सगळं. पण आधी हे त्याने का केलं, ते मला कळलं पाहिजे. कारण कळल्याशिवाय मी स्क्रूलासुद्धा हात लावत नाही."

"मग विकणाऱ्या दलालाला विचारा ना."

"विचारून कळलं, तर त्यात डोकं कुठे लागलं?"

आता गाडी घेण्याचं कारण सांगतो. बायकोला गावाबाहेरच्या मोठ्या इस्पितळात रक्त तपासायच्या विभागात नोकरी लागली होती. नोकरी तूर्त कच्ची. काम आणि वक्तशीरपणा बघून मग कायम करणार. तिथल्या मोठ्या बाई रोज सकाळी दारात घड्याळ बघत उभ्या राहायच्या. बस तिथवर जात नव्हती. बायकोचं म्हणणं, "मी गाडी शिकते, माझी मी जाईन." मला इतकं हसू आलं! "तू आणि गाडी? अगं, मी कशाला आहे? रोज दारात नेऊन सोडीन!" थोडक्यात, तिची नोकरी आता माझ्या पारखीवर चालणार होती.

त्या संध्याकाळी मी गाडीसमोर खुर्ची टाकून बसलो. डोकं चालवायला लागलो. आरशात स्वतःचं तोंड बघणारा माणूस, म्हणजे देखणा, निदान स्वतःला तसा समजणारा. पण गाडीला स्वतःला बांधून घेतो, म्हणजे भित्रा!

"देखणा आणि भित्रा!" मी आत ओरडून सांगितलं. "नक्की नाटकात काम करणारा असणार!"

"आणि दांडी?" आतून आवाज आला.

"मागे कुत्रं बसवत असेल."

"कुत्र्याला पाय टेकायला दांडी?"

"नटाचं कुत्रं आहे ते!"

आतून कुकरची शिट्टी आली. मी ते माझ्या बाजूचं मत धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ऐटीत निघालो. पहिल्या खड्ड्यात गाडी आदळली आणि बंद! किक मारली, चालू झाली. दुसरा खड्डा, पुन्हा बंद! पुढे एक ट्रक रेंगाळत होता. मी त्याला बाजूने काढायला गेलो, तर गाडी अशी काही जागच्या जागी आवळली की माझं नाक हँडलला लागायचं राहिलं. इस्पितळात पोचलो तेव्हा मोठ्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं. बायकोकडे बघितलंसुद्धा नाही.

आणि परत येताना? मी एकटा होतो, तर गाडी लोण्यासारखी! तोच रस्ता, तेच खड्डे, एकदाही हूं की चूं नाही.

मिस्त्रीकडे नेली. हा मिस्त्री कोणत्याही दुखण्यावर एकच औषध देतो.

"प्लग बदलू."

"अहो, आधी चालवून तर बघा!"

त्याने एकट्याने चालवली. मस्त. मग मला मागे बसवून चालवली. मी हाताची घडी घालून, पाय आखडून बसलो होतो. तरी मस्त!

"गाडी ठणठणीत आहे, साहेब. मागे बसतं कोण?"

"बायको."

मिस्त्रीने प्लग बदलला.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. आयुष्यात काही प्रकाश डोक्यातच ठेवावेत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"सापडलं!" मी जेवताना म्हणालो. "गाडी मला घेते, मिस्त्रीला घेते, दोघांना मिळूनही घेते. फक्त तुला घेत नाही. म्हणजे उघड आहे, भाराचा प्रश्न आहे!"

वाढता वाढता तिचा हात थांबला.

"भाराचा?"

"म्हणजे तुझा असा नाही. एकूण... मागच्या चाकावर... तांत्रिक..."

"थांबा हं जरा," ती म्हणाली आणि चपला घालून बाहेर गेली. परत आली ती शेजारच्या पहिलवानांना घेऊन! हे गृहस्थ व्यायामशाळा चालवतात आणि दारातून आत येताना आडवे होऊन येतात.

"वहिनी म्हणाल्या गाडीवर बसायचंय, म्हणून आलो," पहिलवान म्हणाले.

बसले. मागचं टायर निम्मं झालं. त्यांचे गुडघे काही वाकेनात, म्हणून दोन्ही पाय त्यांनी पंखांसारखे बाहेर काढले आणि आधाराला माझे दोन्ही खांदे धरले. त्या खांद्यांनी मी पुढे आठवडाभर शर्ट घालताना ओय ओय करत होतो. आम्ही गल्लीला तीन फेऱ्या मारल्या. खड्ड्यात, उतारावर, कुठेही गाडी बंद पडली म्हणून नाही! गॅलरीतून बायको बघत होती. त्या दिवशी मला पुढचं जेवण मिळालं, पण त्याबरोबर एक शब्द मिळाला नाही.

पुढचे काही दिवस तेच. ती मागे बसली की गाडीला काहीतरी व्हायचं आणि आम्हाला उशीर व्हायचा. शेवटी मोठ्या बाईंनी तिला आत बोलावून सांगितलं, "काम चांगलं आहे तुमचं, पण असं चालणार असेल तर कायम करायचं अवघड आहे." घरी आल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार वाईट वाटलं, अगदी मनापासून. एवढं की मी जाऊन पुन्हा प्लग बदलून आणला.

मग रविवार आला. मी टाकी पुसत होतो. बायको बाहेर आली, उभ्या गाडीवर मागे बसली. पायाने काहीतरी केलं. मागे बसणाऱ्याने धरायचं कडं हाताने चाचपलं. वाकून दांडी कुठे जाते ते पाहिलं. मग आत गेली, बराच वेळ फोनवर बोलत होती. बाहेर आली ती वेगळाच चेहरा घेऊन.

"उद्यापासून गाडी बंद नाही पडणार," ती म्हणाली.

"कशी पडेल? सकाळी मी सगळे नट आवळलेत!"

आणि काय सांगू! सोमवारपासून गाडी सुतासारखी सरळ! खड्ड्यात आदळली तरी चालूच. आम्ही मोठ्या बाईंच्याही आधी दारात! मी गल्लीभर सांगत सुटलो, नट आवळण्यात सगळं असतं म्हणून. पहिलवानांना तर त्यांच्या सायकलचेही आवळून देतो म्हणालो.

पूर्ण बरी मात्र झाली नव्हती. अधूनमधून झटका यायचा, आणि तोही विचित्र वेळी. मी उलट्या बाजूने घुसायला गेलो की गाडी आवळायची. सिग्नल तोडावासा वाटला की आवळायची. टेम्पोवाल्याला गाठून दोन शब्द ऐकवायला मी वेग वाढवला की आवळायची, आणि बायको मागून म्हणायची, "सोडा हो, उशीर होतोय!" एकदा तर चपलांच्या दुकानासमोर इंजिनच बंद पडलं. दुकानावर सेलची पाटी होती.

"तापली असेल," बायको म्हणाली. "थंड होऊ दे. तोवर मी आत जाऊन येते."

मी थक्क झालो! हे कोडं मला झोपू देईना. "अगं, ह्या गाडीला मन आहे," मी तिला म्हणालो. "माझ्यापेक्षा जास्त समज आहे तिला."

"आहे खरी," ती म्हणाली.

असे दोन-तीन महिने गेले आणि कायम करण्याच्या मुलाखतीची तारीख आली. मोठ्या बाई स्वतः घेणार होत्या. आदल्या दिवशी बायको कपड्यांना इस्त्री करत बसली होती आणि मी गाडीकडे बघत बसलो होतो. उद्या हिला झटका आला तर? भलत्याच दुकानासमोर बंद पडली तर? माझं कुतूहल माझ्यापाशी, पण नोकरी तिची होती. मी मन घट्ट केलं. पाना घेतला आणि सगळं काढलं! आरसा काढला, पट्टा काढला, दांडी जिभेसकट काढली, वायर ओढली तर तिच्या टोकाला एक काळं बटणही निघालं. सगळं खोक्यात भरून जिन्याखाली टाकलं. फेरी मारून पाहिली, अहाहा! बायकोला सांगितलं नाही. म्हटलं, उद्या तिचं तिलाच कळू दे, नवरा काय चीज आहे ते.

तिला कळलं.

सकाळी बायको मुलाखतीची उत्तरं पुटपुटत, गाडीकडे न बघताच मागे बसली. वेळ भरपूर होता, तरी मी गाडी आडवाटेने घेतली. उतार होता. कोपऱ्यावर घराचं बांधकाम चाललं होतं आणि वाळूचा मोठा ढीग अर्ध्या रस्त्यावर आला होता. मला तो दिसला होता बरं का! पण माझ्या अंदाजाने अजून बरंच अंतर होतं.

"अहो, वाळू!" मागून आवाज आला.

"दिसतेय गं!"

मग मागे खाली धप धप धप असा आवाज सुरू झाला, कुणी धुणं धोपटावं तसा.

"अहो, हे लागत का नाहीये!"

"काय लागत नाहीये?" असं मी मान वळवून विचारलं, आणि आम्ही ढिगात गेलो. लागलं कुणालाच नाही. पुढचं चाक वाळूत, मी टाकीवर आडवा, आणि बायको शेजारी वाळूत बसलेली, पर्स छातीशी धरून.

तिने तोंडातली वाळू थुंकली आणि विचारलं, "माझा ब्रेक कुठे गेला?"

"कुठला ब्रेक?"

"माझा! पायाखालचा!"

"ती दांडी? ती बिनकामाची होती. काल काढली मी."

"काढली?" तिने कपाळावर हात मारला. "अहो, आधीचा मालक गाडी शिकवायचा लोकांना! शिकणारा पुढे, शिकवणारा मागे. पुढच्याने भीतीने डोळे मिटले तर दिसावं म्हणून आरसा. कलंडायला लागला तर धरायला पट्टा. मागच्या मागे थांबवता यावं म्हणून पायाखाली ब्रेक, आणि कड्याखाली इंजिन बंद करायचं बटण! आधी माझ्या हातून नकळत दाबलं जायचं."

"आधी नकळत. आणि नंतर?"

ती ओढणीवरची वाळू झटकायला लागली.

"तुला हे कळलं कसं?"

"विचारलं! त्या रविवारी विकणाऱ्याला फोन केला. त्याने आधीच्या मालकांचा नंबर दिला."

मी वाळूत तसाच बसलो. माझा नट गेला, त्याचं कुत्रं गेलं. गल्लीभर आवळलेले नट गेले. म्हणजे इतके दिवस गाडी मी चालवतच नव्हतो!

"आणि ते चपलांचं दुकान..."

"उठा आधी, उशीर होतोय," ती म्हणाली. आम्ही गाडी ओढून बाहेर काढली. मी बसायला गेलो, तर तिने किल्ली घेतली.

"मागे सरका."

"म्हणजे?"

"दुपारच्या सुट्टीत मी त्या आधीच्या मालकांकडेच गाडी शिकतेय. लायसन्स परवा हातात आलं. कायम झाल्यावर सांगणार होते."

मी मागे सरकलो. दुसरं काय करणार? तिने किक मारली, गाडी पहिल्या झटक्यात चालू! मोठ्या रस्त्याला लागलो आणि पुढे ट्रक रेंगाळताना दिसला. बायकोने हॉर्न दिला, वेग वाढवला.

"अगं, नको! थांब!" मी ओरडलो. माझा अंगठा कड्याखाली गेला. तिथे नुसतं भोक होतं. उजवा पाय दाबला, तर हवा! जीव खाऊन दाबला, तरी हवाच! सगळे नट मी स्वतःच्या हाताने सोडवले होते, तेही चांगला जोर लावून. ट्रक केव्हा मागे पडला, मला सांगता यायचं नाही. माझे डोळे मिटलेले होते.

मोठ्या बाई दारातच होत्या. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी अजून कडं धरून, पाय दाबून बसलो होतो, भुवयांपर्यंत वाळूने माखलेला.

"वेळेवर आलात," त्या बायकोला म्हणाल्या. "आणि ह्या पेशंटला कुठे न्यायचंय?"

"पेशंट नाही, बाई. आमचे हे आहेत," बायको म्हणाली आणि आत गेली.

दुपारी तिचा फोन आला. कायम झाली! आवाजात एवढा आनंद होता की मलाही भरून आलं. मी तोंडभर अभिनंदन केलं, आणि फोन ठेवल्या ठेवल्या जिन्याखालचं खोकं उचलून धावत मिस्त्रीकडे गेलो.

"मिस्त्री, ही दांडी, हे बटण. होतं तसं मागे बसवून द्या. आजच्या आज!"

मिस्त्रीने खोक्यात डोकावून पाहिलं, हात पुसले.

"वहिनींचा फोन येऊन गेला, साहेब. म्हणाल्या, साहेब दांडी घेऊन येतील. बसवायची नाही."