कमी चाललेली गाडी

समाधानने गाडी घेतली तेव्हा सुवर्णाला वाटलं, आता आपण गाडीतून फिरणार. तिथेच तिचं चुकलं.

गाडी होती पांढरी, लांबलचक, डिकीवाली सेडान. जुनी, पण अगदी कमी चाललेली. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची. जुन्या गाड्यांचा धंदा करणारा महेश म्हणाला, "दादा, डॉक्टरसाहेब रविवारी सोमेश्वरला जायचे, बस्स. मीटर बघा. एवढं तर आपली पोरं सायकल फिरवतात!" समाधानने आपला मेकॅनिक नेला होता. त्याने खाली वाकून, वर डोकावून, टायर दाबून सगळं पाहिलं आणि मीटर खरं असल्याचा निर्वाळा दिला. समाधान तर आधीच विरघळला होता.

मखमलाबादला त्याची फुलशेती. गुलाब, जरबेरा, झेंडू. लग्नसराईत तो नवरदेवाच्या गाड्याही सजवायचा. निम्म्या नाशिकच्या वराती त्याच्या हाताखालून गेल्या, पण त्या गाड्यांमध्ये बसायचा योग काही आला नाही. त्याच्या स्वतःच्या लग्नात ठरवलेली लांब गाडी वाटेतच बंद पडली, आणि नवी नवरी सुवर्णा कळवणहून सासरी आली ती झेंडूच्या क्रेटसकट टेम्पोतून. तिची आई बायडाबाई कोपऱ्यापर्यंत पोचवायला आली होती. लांब गाडीच्या खिडकीत लेकीचं तोंड बघायचं तिने किती दिवस मनात धरलं होतं. दिसली ती टेम्पोची ताडपत्री. सुवर्णाने त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. फक्त समाधान कुणाची गाडी सजवत असला की ती हातातलं काम टाकून यायची आणि मागच्या दाराशी उगीच थोडा वेळ उभी राहायची. समाधानने ते पाहिलं होतं. गाडी घेतली ती त्यासाठीच.

पण घरी आणल्यावर त्याची मती फिरली. गाडीचा मोठेपणा काय, तर ती कमी चाललेली. चालवली की मीटर वाढणार. मीटर वाढलं की ती कमी चाललेली कशी राहणार? या हिशेबात चूक काढणं सुवर्णाला जमेना. गाडी शेडनेटखाली उभी राहिली. तिला मापाचं कव्हर शिवलं. सीटवरचं प्लास्टिक काढायला बंदी झाली. रोज सकाळी शाम्पूने आंघोळ, मऊ फडक्याने पुसणं, आणि मग बॅटरी उतरू नये म्हणून जागेवरच इंजिन चालू. भाजी, खत, पाहुणे, सगळं जुन्या पिकअपमधून.

इंजिन चालू असेपर्यंत सुवर्णा चहाचा कप घेऊन मागच्या सीटवर बसायची.

"कुठवर आलो हो?" ती विचारायची.

"दिंडोरी," समाधान मीटरकडे बघत सांगायचा.

"आज तरी वणी गाठा."

"चहा संपला का? बंद करतो."

असं करत उन्हाळा आला आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आखाजीला कळवणकडच्या लेकी माहेरी जातात, झोका खेळतात, आईच्या हातचं खातात. बायडाबाईचा फोन आला, "जावईबापूंनी गाडी घेतली म्हनं. समद्या गल्लीला सांगितलंय मी. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, पुरता झाकायच्या आत बघू दे एकदा."

सुवर्णाने फोन ठेवला आणि पदर खोचला. "मी आखाजीला गाडीने जाणार. नाहीतर एसटीने जाईन, मग परत कधी येईन ते विचारू नका."

समाधान कबूल झाला. नवी गाडी सासुरवाडीला जायची म्हणजे दोन फुलं तरी लावावीत म्हणून त्याने सकाळी बॉनेटवर एक हार लावला. मग तो एकटाच वाईट दिसतो म्हणून दारांना माळा. मग टपावर जरबेरा. हाताला सवय एकाच कामाची. सुवर्णा नवी साडी नेसून बाहेर आली तेव्हा नवरदेवाची गाडी तयार होती.

"अहो, लग्न कुणाचं आहे?"

"चल, बस," तो लाजून म्हणाला आणि त्याने मीटरवर स्वतःचा हातरुमाल टाकला. बघायलाही नको आणि जीव जळायलाही नको.

दिंडोरी खरोखरची आली तेव्हा सुवर्णा खिडकीबाहेर बघत नुसती हसत होती. वणीच्या पुढे मात्र एक फेटेवाला माणूस हात पसरून रस्त्यात आडवा आला. मागे एक गाडी बॉनेट उघडून वाफा सोडत होती आणि उन्हात मुंडावळ्या सावरत एक नवरदेव उभा होता.

"देवीच पावली!" फेटेवाला म्हणाला. "मी हिरामण, नवरदेवाचा मामा. दादा, तुमचा नवरदेव पोचवून मोकळे आलात ना? आता आमचा रवी तेवढा कळवणला सोडा."

"आमचा नवरदेव नाही. ही घरची गाडी आहे."

हिरामणमामांनी टपावरच्या जरबेऱ्यांकडे पाहिलं, मग समाधानकडे. "घरची गाडी अशी असते व्हय? दादा, भाडं सांगा की सरळ."

"भाडं नकोय. माणसं वाढली की गाडीवर लोड येतो. गाडी कमी चाललेली आहे..."

"मग चालवा की! आखाजीची दाट तिथ, आख्ख्या जिल्ह्यात गाडी मिळना. टेम्पोतून नवरदेव नेला तर पोरीकडचे काय म्हनतील?"

समाधान दुसरं काही बोलणार, तेवढ्यात मागून सुवर्णाचा आवाज आला. "अहो, घ्या त्यांना, माझ्या कळवणलाच तर जायचंय. आपल्या वेळी कुणी थांबलं असतं तर?"

समाधानने मागचं दार उघडलं. मागे नवरदेव बसला. त्याच्या शेजारी करवली बसली, कारण करवलीशिवाय नवरदेव कसा जाणार? खिडकीशी मावशी बसल्या, कारण त्यांना गाडी लागते. पुढे हिरामणमामा, कारण मांडव त्यांनाच माहीत. सुवर्णा पदर सावरत रस्त्यावर उभी राहिली.

"ताई, तुम्ही कळवणच्या ना?" मामा म्हणाले. "मग तुम्ही वऱ्हाडाच्या टेम्पोत पुढं बसा. डायवरला रस्ता ठाऊक नाय!"

जाता जाता मामांनी बंद गाडीच्या काचेवरची 'रवी – वेदिका' ही अक्षरं काढून समाधानच्या काचेवर चिकटवली. समाधानने आरशात पाहिलं. मागून टेम्पो येत होता, त्यात पुढे सुवर्णा. तिला हसू येत होतं की रडू, ते काही एवढ्या लांबून कळेना.

कळवणला मांडवाची वाट बायडाबाईच्याच गल्लीतून जात होती. गल्लीच्या तोंडाशी बायडाबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन सकाळपासून उभी होती. फुलांनी लगडलेली पांढरी गाडी दिसताच ती सरळ मध्ये आली. तिने चाकांवर पाणी ओतलं, तुकडा ओवाळून टाकला आणि मागचं दार उघडून पहिल्या कपाळाला कुंकू फासलं.

"जावईबापू, लय कवळे दिसाया लागले तुम्ही! अन् ही पोर कोन?"

"मी करवली, आजी!"

"आई, मी इकडे पुढं," समाधान स्टिअरिंगमागून म्हणाला.

तेवढ्यात टेम्पो येऊन थांबला आणि त्यातून सुवर्णा उतरली. बायडाबाईने डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं.

"काय व माय," ती हळूच म्हणाली, "तू याही खेपेला टेम्पोतच?"

गल्ली हसली. सुवर्णाही हसली, पण आईच्या गळ्यात पडली ती लवकर बाजूला होईना. समाधानला गाडीतून उतरवेना. वाजंत्री मांडवाकडून धावत आली होती आणि हिरामणमामा ओरडत होते, "चला, मुहूर्त टळंल!"

लग्न लागलं. दुपारपर्यंत वऱ्हाडाची मूळ गाडीही दुरुस्त होऊन आली, आणि घाईघाईत नवरानवरी तिच्यातूनच मागच्या वाटेने सासरी रवाना झाले. सजलेली गाडी बायडाबाईच्या दारात परत आली. समाधान फडकं घेऊन पुसायला लागला. पुसताना त्याचं लक्ष गाडीत नव्हतं.

बायडाबाई बाहेर आली. "ते फडकं ठिवा. सुवर्णे, बैस गाडीत. अशी येशील माहेरी? कोपऱ्यावर जा अन् नीट येऊन दाखव मला."

"आई, आता काय त्याचं!"

"बैस म्हनते ना!"

सुवर्णा मागच्या सीटवर बसली. समाधानने गाडी गल्लीबाहेर नेली, कोपऱ्यावर वळवली आणि ब्रेक दाबला. तिथे बँडवाले उभे होते. सजवलेल्या पांढऱ्या गाडीपुढे पाठवणीची वरात वाजवायची, एवढंच त्यांना सांगितलं होतं. नवरी कधीच गेली, हे सांगायचं सगळे विसरले होते. त्यांनी काचेवरची अक्षरं पाहिली, आत पदर घेतलेली बाई पाहिली आणि ट्रंपेट तोंडाला लावलं.

"अहो, आम्ही ते नव्हे..." समाधान खिडकीतून ओरडला. ढोलापुढे कोण ऐकतो?

मग त्यानेही पहिला गिअर टाकला. बँड पुढे, गाडी मागे, मुंगीच्या पावलाने गल्लीत शिरली. दारादारात बायका आल्या. कुणी तांदूळ टाकले, कुणी शिट्टी मारली. समाधानने आरशात पाहिलं. सुवर्णाने काच खाली केली होती, पदर डोक्यावरून नीट घेतला होता आणि डोळे पुसत ती उजळ माथ्याने बाहेर बघत होती. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांच्या दाराशी उभी राहिलेली ही बाई, हे त्याला आता फार आत लागलं.

दारात बायडाबाई नवा तुकडा घेऊन उभी होती. डोळे बारीक करून तिने खिडकीतलं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "आता दिसली माझी पोर."

गाडी थांबली. सुवर्णा उतरेना.

"पोचलो की," समाधान म्हणाला.

"कुठवर आलो हो?" तिने विचारलं.

समाधानने मीटरवरचा रुमाल उचलला, मीटरकडे न बघताच त्याने कपाळ पुसलं आणि रिव्हर्स टाकला.

"दिंडोरी," तो म्हणाला.