शिडी गेली

प्रफुल्ल शिरसाट इंजिनाखालून सरपटत डेकवर आले आणि खाली वाकून बघतात तर बोटीला लावलेली शिडी गायब.

"रचना, शिडी तू हलवलीस?"

"मी वर आहे तुमच्यासोबत. शिडी हलवून मी वर कशी आले असते?"

मुद्दा बिनतोड होता. घोडबंदर रोडच्या मागे, खाडीकाठच्या रघुशेठच्या वाडीत ही सत्तावीस फुटी शिडाची बोट लोखंडी टेकूंवर उभी होती. डेकपासून जमीन बारा फूट खाली. प्रफुल्ल बासष्टचे, आणि रचनाबाईंचा डावा गुडघा त्यांच्यापेक्षाही म्हातारा. उडीचा प्रश्नच नव्हता.

ही जुनी बोट त्यांनी निवृत्तीनंतर घेतली, त्याला दोन वर्षं झाली. प्रफुल्ल पाणीपुरवठा खात्यात होते. कुठल्या वस्तीला कधी पाणी सोडायचं आणि कधी तोडायचं, यात त्यांची छत्तीस वर्षं गेली. ज्या पाण्याला चावीच नाही अशा पाण्यावर एकदा राहायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. रचनाबाई शाळेत भूगोल शिकवायच्या. नकाशावरची किनारपट्टी त्यांनी हजारो मुलांना छडीने दाखवली. स्वतः मात्र अलिबागच्या खाली गेल्या नव्हत्या. विठ्ठलवाडीच्या घराला कुलूप लावायचं, बोटीतच संसार मांडायचा आणि काठाकाठाने कारवारपर्यंत जायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. पण दर महिन्याला काहीतरी निघायचं. कधी बूड झिरपायचं, कधी पंप बसायचा. खाडी पन्नास पावलांवर होती, आणि पन्नास पावलांवरच राहिली होती.

"रघुशेठ! ओ रघुशेठ!"

रघुशेठच्या पुतणीची आज हळद होती. वाडीपलीकडे सकाळपासून डीजे दणाणत होता. शिडी तिकडेच मांडवाला माळा बांधायला गेली असणार. दोघांनी आळीपाळीने हाका मारल्या. एकमेकांच्या सुद्धा त्यांना धड ऐकू आल्या नाहीत. रघुशेठने फोन उचलला नाही. रचनाबाईंचा फोन पर्समध्ये, पर्स स्कूटरच्या डिकीत आणि स्कूटर खाली. प्रफुल्लनी इंजिन बघायला फोनचाच टॉर्च लावला होता. आता दोन टक्के उरले होते.

"सम्यकला लावा," रचनाबाई म्हणाल्या. "तो पुण्यात असला तरी उचलेल. तो करेल इथे कुणाला तरी फोन."

मुलाने लगेच उचलला. मागे डीजेचा धडधडाट.

"सम्यक, आम्ही बोटीवर अडकलोय रे! शिडी गेली!"

"शीड गेलं? बाबा, कसला आवाज येतोय? कुठे आहात तुम्ही?"

"अरे, खाडीच्या..."

'काठावर' म्हणायच्या आत फोन बंद पडला.

तासाभराने खाडीत बचाव पथकाची एक भगवी रबरी बोट आली. लाइफ जॅकेट घातलेले चौघे जवान कांदळवनात डोकावून बघत होते.

"कुणीतरी बुडालं वाटतं," रचनाबाई हळहळल्या. "हात करून बघा, जमलं तर शिडीचं सांगू."

दोघांनी हात हलवले. जवानांनीही सौजन्याने हात हलवले आणि ते पुढे गेले.

"राहू दे," प्रफुल्ल ओशाळले. "तिकडे कुणाच्या जिवावर बेतलंय आणि आपण शिडी कसली मागतोय."

रचनाबाईंनी बोटीतल्या छोट्या शेगडीवर चहा टाकला. चहा पिता पिता त्या पाण्याकडे बघत राहिल्या. "नुसतं तिकडे बघत बसलं ना, की वाटतं आपली बोट चाललीये."

प्रफुल्ल सरकून त्यांच्या शेजारी बसले आणि तिकडेच बघू लागले. त्यांनाही तसंच वाटत होतं.

तिसऱ्या फेरीला रबरी बोट काठाला लागली. पथकाचा प्रमुख चिखल तुडवत खाली येऊन उभा राहिला.

"काका, वरून एखादी शिडाची बोट दिसली का? दोन म्हातारी माणसं आहेत तिच्यावर."

"नाही हो. आम्ही सकाळपासून इथेच आहोत. कुणाची माणसं?"

"शिरसाट म्हणून आहेत. विठ्ठलवाडीचे. शीड गेलं म्हणून पुण्याहून मुलाने कळवलंय."

रचनाबाईंनी कप खाली ठेवला. "अहो, शिरसाट आम्हीच."

प्रमुखाने त्यांच्याकडे पाहिलं, मग टेकूंकडे, मग टेकूंखालच्या वाळक्या गवताकडे. "पण ही तर जमिनीवर आहे."

"दोन वर्षं झाली," प्रफुल्ल म्हणाले.

गणवेशातली माणसं बघून रघुशेठ हळदीने माखलेले तसेच शिडी घेऊन धावत आले. "आवो, शिरी मीच नेली! मना वाटला तुमी जेवाला गेलाव!"

दोघं खाली उतरली. प्रमुखाने सम्यकला फोन लावून दिला. सम्यक आधी रडला, मग संतापला. "बाबा, विका ती बोट! आजच्या आज!"

"बरं," प्रफुल्ल म्हणाले.

रचनाबाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. एवढं पडेल 'बरं' त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"चला," प्रमुख म्हणाला. "अँब्युलन्स जेट्टीवर थांबलीये. तुमची तपासणी झाल्याशिवाय मला या बचावाची वर्दी कागदावर बंद करता येत नाही. रस्त्याने गेलो तर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास. पाण्यातून दहा मिनिटं. जॅकेट घाला."

"म्हणजे आम्हाला जमिनीवरून पाण्यात नेणार?" प्रफुल्लनी विचारलं.

"आणि मग पाण्यातून वाचवून जमिनीवर आणणार. तेवढंच लिहायला बरं पडेल मला."

रबरी बोट काठापासून सुटली. डीजे मागे मागे पडत ऐकू येईनासा झाला. बुडाखाली पाणी डुचमळत होतं. रचनाबाईंनी बाहेर हात सोडला आणि ओलं बोट जिभेला लावलं. "खारट आहे हो!" त्या अशा काही म्हणाल्या, जणू हे आजवर पुस्तकात कुठे छापलंच नव्हतं. प्रफुल्ल दोन्ही हातांनी दोर धरून बसले होते. त्यांचं तोंड किंचित उघडं होतं.

जेट्टी दिसू लागली. बोटीचा वेग उतरला.

"साहेब," रचनाबाई म्हणाल्या, "आत्ता नका नेऊ. यांची नाडी फार पळतेय. डॉक्टर उगाच ॲडमिट करतील."

प्रमुखाने प्रफुल्लकडे नीट पाहिलं. मग जेट्टीकडे पाठ करून तो बोट चालवणाऱ्याला म्हणाला, "वसईच्या अंगाला वळव जरा."