पिनेवरचा अंगठा

हेडक्लार्कसाहेबांनी त्या सकाळी मुकाट्याने चहा प्यायला असता, तर पुढचं महाभारत टळलं असतं. पण बायको फोनला चार्जर लावता लावता सहज म्हणाली, "काही म्हणा, माझ्या फोनची जुनी पिनच दणकट. तुमची ती नवी अगदीच नाजूक."

बायकोच्या पिनेला सुलट बाजू एकच, आणि घाईत लावली की हमखास उलटी. साहेबांची नवी पिन मात्र कशीही लावा, तक्रार न करता जाते. (जावई असा हवा होता, असं सासूबाई त्या नव्या पिनेकडे बघून एकदा म्हणाल्या होत्या.)

"नाजूक? थांब, आत्ता सिद्ध करतो!"

"करा काय ते. माझ्या फोनला तेवढा हात लावू नका," असं बजावून बायको तयार व्हायला आत गेली. थोड्याच वेळात त्या फोनवर तिची मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी मुलाखत होती. त्यासाठी तिने महिनाभर आरशासमोर उत्तरं घोटली होती.

साहेबांचा हात म्हणजे उभा जन्म शिक्के मारलेला हात. त्यांनी आपल्या फोनमध्ये पिन घातली, काढली, घातली, काढली. हात असा रंगात आला, की फोन निसटून थेट फरशी पुसायच्या बादलीत गेला. पिन मात्र शाबूत!

आता चौकशी निःपक्षपाती हवी, म्हणून त्यांनी बायकोचा फोन ओढला आणि सवयीने पिन लावली. अर्थात उलटी. जाईना, तेव्हा शिक्क्याचा जोर लावला. कट्‌!

"अहो, चार्ज का होत नाहीये? बॅटरी लाल झालीय!" बायको बाहेर येऊन ओरडली.

"अगं, तुझी पिन खरंच दणकट आहे. खाच तेवढी..."

पिन अंगठ्याने डावीकडे रेटून किंचित वर उचलून धरली, तरच फोनला धुगधुगी राहत होती. मग काय, पुस्तकांना टेकवलेल्या फोनसमोर बायको हसतमुख, आणि टेबलाखाली साहेब उताणे, एक हात टेबलाच्या कडेवरून वर, अंगठा पिनेवर.

"नाठाळ माणसाकडून काम कसं करून घ्याल?" निवड समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं.

"प्रेमाने," बायको म्हणाली आणि तिने साहेबांच्या पायावर पाय दिला.

टेबलाखालची धूळ नाकात गेली. साहेब शिंकले, आणि वायरीसकट फोन त्यांच्या छातीवर आला. पडद्यावरून अख्खी समिती त्यांच्याकडे बघत होती. अंगठा न हलवता त्यांनी दुसऱ्या हाताने सलाम ठोकला.

"हे कोण?"

"आमचे हे," टेबलाखाली वाकत बायको रडवेल्या आवाजात म्हणाली. "चार्जर धरून बसलेत."

तिच्या एवढ्या मेहनतीवर आपण पाणी फिरवलं, या विचाराने साहेबांना फार वाईट वाटलं.

समितीत कुजबुज झाली. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "जागा तुमचीच, बाई. माणसं कामाला लावता येतात तुम्हाला. फक्त रुजू व्हायला याल तेव्हा यांनाही घेऊन या. आमच्या प्रोजेक्टरची पिन कधीपासून सैल आहे."

"आणते की," बायको डोळे पुसत म्हणाली. "पण नुसतं धरायला सांगा हं. सिद्ध काही करायला देऊ नका."