रेशमी सोवळं आणि चौकोनी उपग्रह

आमच्या शिवांगीच्या कॉलेजात प्रयोगशाळेची पुताई, म्हणजे रंगरंगोटी, निघाली, म्हणून मुलांनी त्यांचा उपग्रह देवासला आमच्या घरी, माडीवरच्या खोलीत आणला. उपग्रह म्हणजे काय, तर चहाच्या डब्याएवढी चौकोनी पेटी. आकाशात जाणार म्हणे.

नातीने दारातच कायदा सांगितला. "अक्का, धूळ चालणार नाही. हात धुऊन, धुतलेले कपडे घालूनच आत यायचं. आणि कुणी शिवायचं नाही."

"म्हणजे सोवळं," मी म्हटलं. "पन्नास वर्षं पाळतेय. मला शिकवू नकोस."

दुसऱ्या दिवशी परीक्षक यायचे होते. पेटीने त्यांच्यासमोर संदेश धाडला तर पुढची वाट, नाहीतर दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

दुपारी मुलं जेवायला खाली उतरली. मी डोकावले, तर पेटीच्या उघड्या भागावर केस! शिवांगीचा कामातला जोडीदार हर्षित, जवळच्या सोनकच्छ गावचा, डोकं खाजवतच काम करतो. मी रेशमी सोवळ्यात होते. घरात माझ्याइतकं शुद्ध कोण? थंडीत रेशीम अंगाला चिकटून चटचट वाजत होतं. मी चिमटीत केस धरला आणि बोटाला असा चटका बसला की कुलदैवत आठवलं. पेटीवरचा हिरवा दिवा विझला.

मी खाली जाऊन निमूट वरण वाढलं.

जेवून वर गेल्याबरोबर शिवांगी हर्षितवर ओरडली, "भिया, तूने क्या छुआ?"

"कसम से, कुछ नहीं!"

"हात तरी धुतले होतेस का रे?" मीही विचारून घेतलं. इतकी मी थोर.

हर्षितचे डोळे भरले. "मैं चला सोनकच्छ," म्हणत त्याने पिशवी उचलली. तारा डाखायचं सोल्डरिंग एकट्या त्यालाच येत होतं. तो गेला की पेटीही गेली.

"थांब," मी म्हटलं. "मी शिवले. पण सोवळ्यात होते."

"रेशमी?" त्याने कपाळाला हात लावला. "अक्का, रेशमात बिजली साठते. म्हणून तर आम्ही सुती घालतो, मनगटाला तार बांधतो."

मला ओवळी म्हणणारा अजून जन्मायचा आहे, असं मी समजत होते. तो सोनकच्छला जन्मला होता.

संध्याकाळपर्यंत त्याने संदेश धाडणारा जळालेला रेडिओ बदलला, शिवाय झटका अडवणारा एक पुर्जा बसवला. म्हणाला, "वर आकाशातही असेच झटके बसतात. इथेच कळलं, चांगलं झालं."

पेटी परीक्षकांसमोर छान बोलली. मग मुलांचा अहवाल छापून आला. शिवांगीने बोट ठेवून त्यात माझं नाव दाखवलं. इंग्रजीत! तो कागद मी आठ दिवस गल्लीत मिरवला.

शेवटी समोरच्या रुचीने तो वाचला. "अक्का, यात लिहिलंय, बिघाडाचं कारण: सावित्रीबाई."

मी कागद तिच्या हातून घेतला. "तुझं नाव आलंय का कुठे छापून?"