वाकडी ताल

तात्या गलाईवाल्यांच्या रानातून बाहेर पडायचं, तर आधी पाय झाडावे लागत. त्यासाठी बांधावर एक फरशी टाकलेली होती. तिच्यावर उभं राहायचं, चपला एकमेकींवर आपटायच्या, तळाला चिकटलेला चिखल काटकीनं खरवडायचा आणि परत त्यांच्या रानात टाकायचा. मग माणूस सोयरा असो, नाहीतर लग्नाची पत्रिका घेऊन आलेला परका.

"आवं मास्तर, आमची माती घिऊन कुठं निघाला?" हे त्यांचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. विट्याजवळच्या त्या गावात मी शाळामास्तर म्हणून नवाच होतो, आणि खोलीवरून शाळेला जायची वाट त्यांच्या रानातून होती. जाताना पाय झाडायचे, येताना पाय झाडायचे. पोरांना वाटायचं, मास्तर कवायत करतात.

तात्यांची उमेदीची वर्षं केरळात गलाईच्या, म्हणजे सोनं गाळण्याच्या दुकानात गेली. त्या धंद्यात दुकानाचा केर कुणी फेकत नाही. जाळतात, धुतात आणि त्यातून सोन्याचा कण काढतात. मुलगा हाताशी आल्यावर दुकान त्याच्यावर सोपवून नव्वदच्या सुमारास तात्या गावी परतले. पाहतात तर उताराची सगळी माती पावसानं धुऊन ओढ्यात नेलेली आणि रानात नुसता मुरूम.

"आपला केर ओढा न्हेतोय, मास्तर! कोण बगतंय का?"

मग त्यांनी ताली घालायला घेतल्या. ताल म्हणजे उताराला आडवा घातलेला दगडमातीचा बांध. पातळी बघायची गवंड्याची पाण्याची नळी घेऊन ते रानात उभे राहत आणि दुसरं टोक जो दिसेल त्याच्या हातात देत. पोस्टमन एकदा टपाल बगलेत धरून तासभर उभा होता. "हलू नगंस रं! पाणी लबाड न्हाई, माणूस लबाड हाय." दोन बोटांचा फरक निघाला तर अख्खी ताल मोडून पुन्हा घालत. उन्हाळाभर ओढ्यातला गाळ पाट्यांनी वर आणून तालीमागं पसरत.

मृदसंधारणाचे एक साहेब ताली बघायला आले होते. त्यांचे नाडीचे बूट. ते सोडून, झाडून पुन्हा बांधेपर्यंत जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. पण त्याआधी साहेबांनी रानाच्या मधोमध बोट दाखवलं होतं. तिथं एक ताल होती, सापासारखी वाकडी.

"ही काढा. पातळीत नाही. दरवर्षी फुटेल."

"बघू की," तात्या म्हणाले. "साहेब, तुमी चा घ्या."

दोन बोटांसाठी ताल मोडणारा हा माणूस! मला नवल वाटलं. पुढं त्यांच्या बायकोनं, अनुसाकाकूंनी, आपणहूनच सांगितलं. तात्या केरळात असताना रान त्या एकट्या बघायच्या.

"ती माजी ताल, मास्तर. तवा कुठली नळी न् फिळी! पदर खोचला, दगूड वढला, दिसंल तशी घातली. अजून हालली न्हाई."

तात्या तिथंच नळी गुंडाळत होते.

त्या साली परतीचा पाऊस कोसळला. बाजारचा दिवस होता, काकू विट्याला गेल्या होत्या. शाळा सोडून मी निघालो, तर तात्या डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन त्या वाकड्या तालीला पडलेलं भगदाड बुजवत होते. खाली त्यांच्या नव्या तालीचा सांडवा पाल्यापाचोळ्यानं तुंबला होता, पाणी वरून वाहायच्या बेतात होतं.

"तात्या, खालची फुटंल! मी जाऊ का?"

"नगं. हिकडं दगूड द्या."

मी दगड देत राहिलो. थोड्या वेळानं खालची ताल गेली. उन्हाळाभर वाहिलेला गाळ आमच्या डोळ्यांदेखत ओढ्याला लागला. तात्यांनी एकदा मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"ही दर साली फुटते?"

"दर साली. ह्याच जाग्याला. तुमच्या काकूला म्हाईत न्हाई." त्यांनी तळहातानं चिखल थापला. "मी तिकडं लोकांच्या सोन्याचा केर धूत हुतो, मास्तर. ही हितं पावसात एकटी दगडं वढीत हुती. तुमी काय बोलू नगा."

पाऊस थांबला आणि बाजाराची पिशवी घेऊन काकू आल्या. त्यांनी आधी खाली बघितलं, मग वर.

"गेली जणू तुमची नळीवाली? आन् माजी बघा. हाय तशी हाय!"

"व्हय," तात्या धोतराला हात पुसत म्हणाले, "तुज्या हाताला गुणच हाय."

"ऐका मास्तर! आज कबूल झाले."

पिशवी तात्यांच्या हातात देऊन काकू ऐटीत आपल्या तालीवरून घराकडं निघाल्या. भगदाड बुजवलेल्या ओल्या दगडांपाशी त्या आल्या, तेव्हा तात्या पिशवी घेऊन खालून बरोबरीनं चालत होते. त्यांनी मोकळा हात वर केला.

"येवडी म्हातारी झाल्याली न्हाई मी," काकू म्हणाल्या.

पण तो हात त्यांनी धरला, आणि ताल संपली तरी सोडला नाही.