सोमवारचं कोरं पान

मी विज्ञानाचा मास्तर. आमच्या डोंगरकडा गावात कुणाचा रेडिओ बंद पडो की कुणाची म्हैस आटो, आधी मला विचारतात! तेव्हा स्वतःच्या अंगावरच्या खाजेचं कारण मला सापडणार नाही, हे शक्यच नव्हतं.

खरं तर कारण सापडलेलंच होतं, फक्त सिद्ध करायचं होतं. साखऱ्याला सासुरवाडीत जेवलो की तासाभरात अंगावर लाल चट्टे उठायचे. दोष कुणाचा? सासूबाईंचा, जिवनबाईंचा! हे मी चारचौघांत बोललो आणि ते बोलणं माझ्याआधी साखऱ्याला पोचलं. सहा महिने सासूबाईंनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. दर सोमवारी बूथवरून लेकीला फोन तेवढा करायच्या.

"माझ्या मायच्या हाताला काहून बदनाम करून राहिले?" मिना, म्हणजे आमची बायको, डोळे पुसत विचारायची. पण विज्ञान म्हणजे विज्ञान!

हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले, "खाण्याची ऍलर्जी दिसते. कशाची, ते शोधावं लागेल. तीन आठवडे फक्त भात, मुगाचं वरण आणि मीठ. मग एकेक पदार्थ वाढवू. रोज काय खाल्लं आणि काय झालं, वहीत लिहा."

वही म्हणताच माझ्यात संशोधक संचारला. दोनशे पानी वही, लाल शाई, पट्टीने आखलेले रकाने! मिनाने अट घातली, "माय निर्दोष निघाली तर तुमी सोता जाऊन माफी मागायची."

"लेखी मागतो!" मी म्हणालो.

मंगळवार ते रविवार अंग स्वच्छ. सोमवारी भडका! पुढच्या सोमवारी पुन्हा! वहीत सोमवारचं पान मात्र जवळजवळ कोरं. 'खाल्लेले पदार्थ : काही नाही. चट्टे : भरपूर.'

मी शेजारच्या जळबाला बोलावलं. "काही न खाता चट्टे उठतात. म्हणजे कारण खाण्यात नाहीच! सोमवारी वेगळं काय असतं?"

"सासूचा फोन की, मास्तर!"

"बराबर!" मी ओरडलो. नुसत्या आवाजाने चट्टे! तिसऱ्या सोमवारी फोनच्या आधीच मी घर सोडलं आणि कानात कापूस कोंबून शाळेच्या मैदानात बसलो. तरी अंगावर भारताचा नकाशा! मी लिहिलं, 'आवाज कापसातूनही जातो.'

डॉक्टरांनी ते वाक्य दोनदा वाचलं. "मास्तर, सोमवारी खरंच काही खात नाही?"

"श्रावणी सोमवार! औंढ्याच्या नागनाथाचा कडक उपास! नुसती साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी आणि ताकद टिकावी म्हणून दाण्याचे दोन लाडू. बाकी काही नाही!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "याला तुम्ही काही नाही म्हणता?"

"उपास आहे ना!"

शेजारी बसलेली मिना हळूच म्हणाली, "डाक्टरसाब, माझी माय तर जावई आले की समद्या भाज्यांत मूठ मूठ दाण्याचा कूट टाकते. जावयाला पातळ भाजी कशी वाढायची, म्हणते."

खात्रीसाठी डॉक्टरांनी मला समोर बसवून चार शेंगदाणे खायला दिले. अर्ध्या तासात नकाशा तयार, काश्मीरसकट!

साखऱ्याला गेलो. सासूबाईंनी ताट वाढलं. "खा, जावईबापू. आज कूट न्हाई." वांग्याची भाजी आणि तीन भाकरी हाणल्या. एक चट्टा उठला नाही!

"सहा महिने मी माझ्याच हाताकडं पाहून राहिले," त्या म्हणाल्या. "म्हटलं, काय इख लागलं व्हय याला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाया पडलो. वही काढली, लाल शाईने लिहिलं, 'जिवनबाईंचा स्वयंपाक तपासला. निर्दोष. चूक तपासणाऱ्याची.' खाली सही केली आणि पान फाडून दिलं.

आता त्या पुन्हा आमच्याकडे येतात, आम्ही त्यांच्याकडे जातो, सगळं झकास आहे. फक्त ते पान त्यांनी फ्रेम करून स्वयंपाकघरात नागनाथाच्या फोटोशेजारी टांगलंय. त्यांना वाचता येत नाही. म्हणून मी पाटावर बसलो की त्या वाढलेलं ताट हातात धरून उभ्या राहतात.

"जावईबापू, तुमी शिकलेले. काय लिवलंय ते जरा मोठ्यानं वाचा!"

वाचून होईपर्यंत ताट काही खाली येत नाही.