शिंद्यांच्या नखांवरची चमकी

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले शिंदे यंदा सहा आठवडे डाव्या हाताच्या चार नखांना चमकीचं नेलपॉलिश लावून कामोठ्यात फिरत होते. अंगठा चंदेरी, मधलं बोट गुलाबी, अनामिका गुलाबीवर चंदेरी आणि करंगळी मोरपंखी. वय एकाहत्तर, अंगात पांढरा सदरा, भरघोस मिशा आणि पायात कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेले काळे बूट. कोणी विचारलं तर गंभीरपणे एवढंच म्हणायचे, "ट्रायल चालूये."

ईशान आणि मीरा, मागच्या खेपेला तुम्ही माझ्याकडे आलात तेव्हा तुमच्या सुटकेसचं चाक ज्यांनी दुरुस्त केलं आणि ते टिकतं का हे बघायला रिकामी सुटकेस तीन मजले ओढत नेली, तेच हे शिंदे.

ते मूळचे साताऱ्याकडचे. तळोज्याच्या एका कारखान्यात लोखंडी कपाटांना रंग देण्याच्या खात्यात त्यांची जवळजवळ सारी नोकरी झाली. शेवटची काही वर्षं ते तिथे तपासनीस होते, आणि ती नोकरी त्यांनी अजून सोडलेली नाही. त्यांच्या जगात वस्तू दोनच प्रकारच्या असतात, पास आणि रिजेक्ट. सोसायटीच्या फाटकाला नवा रंग दिला तेव्हा त्यांनी त्यावर गाल टेकवून तिरक्या नजरेने पाहिलं आणि म्हणाले, "संत्र्याची साल. रिजेक्ट." रंग खडबडीत बसला की त्यांच्या खात्यात असं म्हणत. एकदा मी बेसनाचे लाडू नेऊन दिले. त्यांनी एक लाडू खिडकीशी नेला, उजेडात फिरवला, खाल्ला आणि म्हणाले, "पास. पण मॅडम, साइज एकसारखी नाय." मी लाडू वजन करून वळते. हे मी त्यांना सांगितलं नाही, पण मला लागलं.

त्यांची बायको सुमन. दीड वर्षापूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. पाय बराचसा सुधारला, बोलणंही आलं. उजवा हात मात्र छातीशी दुमडलेला आणि मूठ आवळलेली राहिली. तेव्हापासून ती दाराबाहेर पडली नाही. घरी कोणी आलं की पदर त्या हातावर ओढून घ्यायची. हळदीकुंकवाला मी बोलवायला गेले तर म्हणाली, "नको ताई. बायका तोंडाकडं न्हाई बघत, हाताकडंच बघत्यात."

तिच्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, साताऱ्याला. त्या मुलीची आई ती लहान असतानाच गेली आणि सुमननेच तिला शाळा संपेपर्यंत कामोठ्यात आपल्या घरी वाढवलं. तरी सुमन म्हणाली, मी येणार नाही. मुलगी फोनवर रडली. भाऊ येऊन गेला. सुमन ऐकेना. दुसऱ्या दिवशी शिंदे बाजारात गेले आणि चमकीच्या तीन बाटल्या घेऊन आले.

हे मला कळलं, कारण त्या बाटल्या घेऊन ते आधी माझ्याकडेच आले. लेबलावरचं इंग्रजी फार बारीक होतं. "मॅडम, सूचना वाचून द्या. एक पण सोडू नका." मी चष्मा बदलला आणि तीनही बाटल्यांवरच्या सूचना मराठीत लिहून दिल्या. तीनही ठिकाणी तेच होतं, तरी त्यांनी तीन कागद मागितले.

"कोणासाठी आहे हे?" मी विचारलं.

"घरचा जॉब हाय. आधी ट्रायल."

मग त्यांच्या घरात काय चाललं ते सुमन मला सांगायची, तेही हसू दाबून. पंखा बंद. खिडक्या बंद, धूळ बसू नये म्हणून. नखावर बारीक पॉलिश पेपर, मग स्पिरिटचा बोळा, मग पहिला हात. बाटली हलवायची नाही, बुडबुडे येतात. दोन तळव्यांत धरून रवीसारखी फिरवायची, म्हणजे तळाला बसलेली चमकी वर येते. पहिल्या आठवड्यातले सगळे हात रिजेक्ट झाले. ब्रश ओढला की चमकी ब्रशबरोबर परत निघून जायची आणि नखावर नुसतं पाणी राहायचं. आठव्या दिवशी ते माझ्या दारात आले आणि मोठा शोध सांगावा तसे म्हणाले, "मॅडम, ओढायची नाय. ठेवायची आणि सोडायची."

वाळलेली चमकी निघता निघत नाही हे तुम्हाला माहीत असेल. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी ती कपाटं साफ करायच्या थिनरने काढायला घेतली. थिनरचा बोळा जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि टेबलावरच्या प्लास्टिकला पुरीएवढं भोक पडलं. झटक्यानंतर त्या दिवशी सुमनने पहिल्यांदा मोठ्याने हाक मारली, "अवो, नख हाय ते, कपाट न्हाई."

इथवर ठीक होतं. पण शिंदे ती नखं घेऊन गावभर हिंडू लागले. पूर्वी त्यांचा डावा हात कायम पँटच्या खिशात असे. लिफ्टमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, झेंडावंदनालासुद्धा. मला वाटे, अधिकाऱ्याची ऐट असेल. आता तो हात सतत बाहेर. दुधाच्या पिशव्या डाव्या हाताने घ्यायचे, लिफ्टचं बटण डाव्या हाताने दाबायचे, समोरच्याशी बोलताना उगाच मिशी कुरवाळायचे. आणि समोरच्याच्या डोळ्यांकडे एकटक बघायचे, तराजूचा काटा बघतात तसे.

लोक बोलणारच. फाटकाशी मासळी घेऊन बसणारी हिराबाई म्हणाली, "दादा, आता हिरव्या बांगड्या पन भर. पापलेट फुकट देतंय." शिंद्यांनी तिच्यासमोर बोटं पसरली. "नीट बघ की. काय दिसतंय?"

"काय दिसाचा हाय? चकचकतंय नुसता."

"बरं," म्हणून ते बाजूला झाले आणि खिशातून वही काढून काहीतरी लिहिलं. मग बोंबील घेतले.

मीही बोलले. ते मला तुमच्यापासून लपवायचं नाही. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. त्यांनी बटण दाबलं आणि हात तिथेच ठेवला. मी म्हटलं, "शिंदे, ट्रायल घरात करता येते. या वयात चारचौघांत हे शोभत नाही." तिसरा मजला आला. त्यांनी माझ्यासाठी दार धरून ठेवलं आणि पुन्हा ती वही काढली.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं. सुमन टेबलाशी बसली होती. तिचा हात कोमट पाण्यात भिजवून त्यांनी एकेक बोट हळूहळू उघडलं होतं आणि मुठीत रुमालाची गुंडाळी दिली होती, त्यामुळे नखं दिसत होती. त्यांना मनगट धरायला तिसरं माणूस हवं होतं. बाटली उघडलेली. पण सुमनने हात मागे घेतला.

"ह्यांच्या वहीचा मला काय भरवसा न्हाई," ती म्हणाली. "मला खुश करायला काय बी लिहितील. ताई खोटं बोलत न्हाईत. ताईंना विचारते."

वही टेबलावरच होती. तिने डाव्या हाताने ती माझ्याकडे सरकवली. कारखान्यातली जुनी तपासणीची वही. रकाने आखलेले होते: नाव, जागा, उजेड, काय बघितलं. खाली शिंद्यांचं टपोरं अक्षर. 'वॉचमन. फाटक. ऊन. नखं. हसला. बोट नाही.' 'हिराबाई. फाटक. ऊन. नखं. बोट नाही.' 'सेक्रेटरी. ऑफिस. ट्यूबलाइट. नखं. बोट नाही.' पानंच्या पानं. एका ठिकाणी मी होते. 'समोरच्या मॅडम. लिफ्ट. कमी उजेड. नखं. रागावल्या. बोट नाही.'

मला काही कळेना. "कुठलं बोट?"

सुमन माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अवो, दाखवा."

शिंद्यांनी डावा हात टेबलावर ठेवला. अंगठ्याशेजारचं बोट अर्धंच होतं. पेरापासून पुढे काही नव्हतं, नखही नव्हतं. नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी ते पत्रा दाबायच्या मशीनमध्ये गेलं होतं. चौदा वर्षं आम्ही समोरासमोर राहतो. आधीची वर्षं तो हात खिशात होता. आणि हे सहा आठवडे तो रोज माझ्या नाकासमोर होता.

"लोक बघनारच, मॅडम," शिंदे म्हणाले. "ते काय आपल्या हातात नाय. म्हनलं, मग कुठं बघायचं ते आपन ठरवू."

"तुमी खरं सांगा ताई," सुमन म्हणाली. "तुमाला दिसलं होतं?"

मी चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या. एक अक्षर सुटू दिलं नाही, असं मी तुम्हाला नेहमी सांगते. "नाही," मी म्हटलं. "मला नखंच दिसली."

सुमनने हात पुढे केला. मी मनगट धरलं. शिंद्यांनी पंखा बंद केला आणि गुलाबीवर चंदेरी, ठेवायची आणि सोडायची, असं करत पाच नखं केली. पाऊण तास लागला. घामाचा एक थेंब त्यांच्या मिशीतून टेबलावर पडला, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो माझाच होता.

सकाळी गाडी खाली उभी होती. मी डबा द्यायला उतरले. सुमन मागच्या सीटवर बसली होती. हात मांडीवर, पदर खांद्यावर. वॉचमन खिडकीत वाकून म्हणाला, "काय मावशी, एकदम भारी." ती लाजली, पण हात झाकला नाही.

शिंदे नव्या सफारी सुटात खाली उतरले. डावा हात खिशात होता.

"बघू," सुमन म्हणाली.

त्यांनी हात काढला. नखं स्वच्छ, कोरी. "ट्रायल संपली ना. पुसून टाकलं," ते म्हणाले आणि हात परत खिशात घालू लागले.

"आना इकडं."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. सुमनने पर्समधून बाटली काढली, दोन्ही गुडघ्यांत धरली आणि डाव्या हाताने झाकण फिरवलं. शिंदे गाडीच्या दाराशी वाकून उभे राहिले, हात खिडकीतून आत. तिला डाव्या हाताची सवय नाही. अंगठ्यावर चमकीचा गोळा पडला, मधल्या बोटावर ती नखाबाहेर पसरली, आणि मग ब्रश त्या अर्ध्या बोटाशी गेला. तिथे नख नव्हतं. तिने तिथेही एक ठिपका ठेवला आणि सोडला.

शिंद्यांनी हात बाहेर घेतला, उन्हात धरला, तिरका करून पाहिला. कडेने ओघळ आले होते. चमकी कुठे जाड, कुठे नाहीच. फाटकाच्या रंगाला नावं ठेवणारा माणूस ते किती तरी वेळ बघत राहिला.

"पास," ते म्हणाले. मग वाळेपर्यंत हात खिडकीबाहेर धरून ते गाडीत बसले, आणि गाडी हायवेच्या वळणाला लागेपर्यंत तो हात मला दिसत होता.